ओग्डेनचा डोंगर आणि एडिसनचा पट्टा

थॉमस अल्वा एडिसन आपल्या सगळ्यांना पहिल्यांदा भेटतो तो शाळेच्या पुस्तकात. आगगाडीत वर्तमानपत्रं विकणारा, कानानं अधू असलेला पोरगा. मग तारायंत्राच्या कचेरीत रात्रपाळी करणारा तरुण. मग १८७७चं बोलणारं यंत्र आणि १८७९चा विजेचा दिवा. धडा साधारण तिथंच संपतो. खाली प्रश्न असतात, आपण त्यांची उत्तरं लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. दिव्यानंतर हा माणूस बावन्न वर्षं जगला, हे आपल्या लक्षातही येत नाही.

माझं आयुष्य बँकेच्या नोकरीत गेलं, त्यातही बराच काळ कर्ज विभागात. त्यामुळे एक खोड जडली आहे. कुणाचंही चरित्र हाती घेतलं, की मी आधी त्याची बुडीत खाती शोधतो. माणसाचं यश तर चरित्रकार ओरडून सांगतच असतात. पण पैसा बुडाला तेव्हा तो कसा वागला, देणेकऱ्यांना तोंड दाखवलं की चुकवलं, आणि बुडालेल्या धंद्यातून मागं काय उरलं, यावरून माणूस अधिक कळतो. एडिसनचं सगळ्यांत मोठं बुडीत खातं म्हणजे न्यू जर्सीतल्या डोंगरावरची ओग्डेनची लोखंडाची खाण. आयुष्यातली जवळजवळ दहा वर्षं आणि वीस लाख डॉलरच्या वर रक्कम त्यानं तिथं ओतली. त्या काळच्या डॉलरमध्ये ही रक्कम किती मोठी होती, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या वेडाची सुरुवात साधीच होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोलादाच्या भट्ट्या होत्या, पण जवळच्या खाणींतलं चांगलं खनिज संपत आलं होतं. उरलेल्या डोंगरांत लोखंड होतं ते दगडात विखुरलेलं, शंभर भागांत जेमतेम वीस भाग. एडिसनला वाटलं, हा दगड दळून पीठ करावं आणि चुंबकासमोरून सोडावं. लोखंडाचे कण चुंबकाकडे झुकतील, वाळू सरळ खाली पडेल. चुंबकानं खनिज निवडण्याच्या यंत्राचं पेटंट त्यानं १८८० सालीच घेतलं होतं. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर लोहकणांची काळी वाळू सापडली, तेव्हा तिथं त्यानं एक प्रयोगही करून पाहिला. एका वादळात समुद्रानं ती वाळू परत नेली. दुसरा एखादा असता तर तिथंच थांबला असता.

मग १८९२ साल उजाडलं. एडिसनच्या वीज कंपनीचं प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीनीकरण झालं आणि जनरल इलेक्ट्रिक जन्माला आली. नव्या नावात एडिसन हा शब्द नव्हता. ज्या धंद्याला त्यानं जन्म दिला, त्याच्या पाटीवरून त्याचंच नाव पुसलं गेलं. माणसं अशा वेळी कोर्टात जातात, नाहीतर घरात बसून कुढत राहतात. एडिसन डोंगरावर गेला. जनरल इलेक्ट्रिकचे आपले शेअर विकत गेला आणि तो पैसा खाणीत घालत गेला. सोमवारी डोंगर चढायचा आणि शनिवारी रात्री वेस्ट ऑरेंजच्या घरी उतरायचं, असा पाचेक वर्षांचा परिपाठ. घरी दुसरी पत्नी मीना आणि लहान मुलं. १८८८मध्ये मॅडेलिन झाली, १८९०मध्ये चार्ल्स. पहिल्या पत्नीची तीन मुलं होतीच. त्या मोठ्या घरात रविवारपुरता येणारा, धुळीनं माखलेला बाप मुलांना कसा वाटत असेल? चरित्रकारांना खाणीत जेवढा रस, तेवढा या रविवारांत नाही.

डोंगरावर त्यानं एक गावच वसवलं. कामगारांसाठी पन्नासेक छोटी घरं, त्यांत नळाचं पाणी आणि विजेचे दिवे. मोठ्या वाफेच्या फावड्यानं दगड उचलायचा आणि राक्षसी रुळांच्या जोडीत टाकायचा. हे रूळ सहा फूट व्यासाचे, पाच फूट लांबीचे. पाच-सहा टनांचा धोंडा त्यांच्यामध्ये पडला, की क्षणात त्याचे तुकडे. इथं एडिसननं फार हुशारी दाखवली होती. एवढा दणका इंजिनाला बसला असता तर इंजिन मोडलं असतं. म्हणून त्यानं अशी योजना केली, की दणका बसण्याच्या क्षणी रुळांचा इंजिनाशी असलेला घट्ट संबंध सुटावा आणि दगड फुटावा तो रुळांच्या अंगात साठलेल्या वेगानं. म्हणजे दणका कुठं बसतो आणि तो कुणी सोसायचा, याचं भान या माणसाला पक्कं होतं. पुढं जे झालं ते समजून घ्यायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

दगड फुटला की काम संपत नव्हतं, खरं तर सुरू होत होतं. तो आणखी बारीक करायचा, पन्नास फूट उंच मनोऱ्यात वाळवायचा, चाळायचा, चारशे ऐंशी चुंबकांसमोरून सोडायचा, मग लोखंडाच्या भुकटीच्या विटा पाडायच्या. रोज हजारो टन माल. हा माल माणसांनी घमेल्यांतून वाहायचा म्हटलं तर मजुरीतच धंदा बुडणार. एडिसनचा सगळा हिशेबच या गोष्टीवर उभा होता, की दगडाला माणसाचा हात कमीत कमी लागावा. म्हणून सगळीकडे यंत्रं आणि फिरते पट्टे. एका पट्ट्यावरून माल वर जायचा, टोकाला पोचला की खाली पडायचा, दुसऱ्या पट्ट्यावर.

आणि हे पट्टे टिकत नव्हते.

फिरता पट्टा ही त्या वेळी नवी गोष्ट नव्हती. धान्याच्या कोठारांत असे पट्टे चालत होते. पण गहू निराळा आणि फोडलेला दगड निराळा. जाड सुती कापडाचे थर एकावर एक घालून, वर रबराचा पातळसा लेप दिलेला पट्टा. दगडाच्या कडा त्या लेपातून आरपार जायच्या, आणि एकदा कापड उघडं पडलं की त्याच्या चिंध्या व्हायला वेळ लागत नसे.

१८९१ साली पट्टे बनवणाऱ्या न्यू यॉर्कच्या एका कंपनीचा विक्रेता ओग्डेनला आला. नाव थॉमस रॉबिन्स. जन्म १८६८चा, म्हणजे वय बाविशी-तेविशीचं. विक्रेत्याचं काम असतं झिजलेल्या पट्ट्याच्या जागी नवा विकणं. पट्टा जितका लवकर झिजेल तितका त्याचा फायदा. या पोरानं मात्र उभं राहून पट्टा नेमका कुठं झिजतो ते पाहिलं. पट्टा सगळीकडे सारखा झिजत नव्हता. मधोमध, जिथं माल पडतो तिथं तो जात होता. मग त्यानं कापडाचे आणि रबराचे नमुने घेऊन ते घासून, मार देऊन पाहिले. घट्ट विणलेल्या कापडापेक्षा मऊ, चिवट रबर कितीतरी जास्त टिकतं असं त्याला दिसलं. वरवर हे उलटं वाटतं. पण दगड कापडावर आदळला की धागा तुटतो. रबरावर आदळला की रबर दबतं आणि परत वर येतं. रॉबिन्सनं पट्ट्याला जाड रबराचं अंग दिलं, तेही मधे जास्त जाड. पुढं त्यानं पट्ट्याखाली तीन-तीन रोलरची जोडणी बसवली. मधला आडवा, बाजूचे दोन तिरके. त्यामुळे पट्टा पन्हळासारखा खोलगट झाला आणि माल कडेनं सांडायचा थांबला. आज जगात कुठंही कोळशाचा किंवा खनिजाचा पट्टा पाहिलात, तर त्याखाली बहुधा हीच तीन रोलरची बैठक दिसेल.

इथं थोडं थांबून हा झिजण्याचा मामला नीट पाहू, कारण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते या भागानं. आपल्याला वाटतं, पट्टा माल वाहून वाहून थकत असेल. तसं नसतं. माल एकदा पट्ट्यावर स्थिर बसला, की दोघं एकाच वेगानं सोबत जातात, घासाघीस नाही. पट्ट्याचं आयुष्य खर्ची पडतं ते माल झेलताना. वरचा दगड सरळ खाली पडतो, तेव्हा त्याला पुढं जाण्याचा वेग नसतो. पट्टा मात्र धावत असतो. त्या दगडाला आपला वेग देईपर्यंत पट्टा त्याच्याखाली घासला जातो. शिवाय पडण्याचा मार असतोच. पडण्याची उंची निम्मी केली तर त्या माराची ताकदही निम्मी होते, पण कारखान्याच्या रचनेत उंची सहसा वाढतच जाते.

दुसरी गंमत खालच्या आधाराची. पट्टा दोन रोलरच्या मधे झोळीसारखा लोंबतो. एरवी थोडा झोळ चालतो. पण माल पडतो त्या जागी झोळ पडला, की पट्टा आणि बाजूच्या फळ्या यांत फट होते. फळीच्या तळाला रबराची झालर लावलेली असली तरी ती फट बुजत नाही. बारीक खडा त्या फटीत शिरतो, पुढच्या रोलरवर पट्टा वर आला की तिथंच अडकतो आणि धावत्या पट्ट्याला सुरीसारखा चिरत राहतो. फटीतून भुकटी बाहेर सांडते. सांडलेली भुकटी रोलरमध्ये जाते, रोलर अडकतो. अडकलेला रोलर पट्ट्याला आणखी घासतो. एका जागचा आधार कमी पडला, तर दुखणं सगळ्या अंगात असं पसरतं.

यावरचे उपायही साधेच आहेत, फक्त ते सुचायला आणि सगळीकडे पोचायला पुढची शंभर वर्षं गेली. माल पडतो तिथं रोलर जवळजवळ बसवायचे. रोलरवर रबराच्या चकत्या घालायच्या, म्हणजे मार रबरात जिरतो. त्याहून मोठा मार असेल तर रोलर काढून तिथं रबराच्या ठोकळ्यांची गादीच घालायची आणि वर गुळगुळीत प्लास्टिकचा थर द्यायचा. पट्टा त्यावरून सरकतो. झोळ नाही, फट नाही. माल सोडणारा पन्हळ पट्ट्याच्या दिशेनं तिरका ठेवायचा, म्हणजे दगड पडतानाच थोडा वेग घेऊन येतो. आणि जमलं तर आधी बारीक माल पडू द्यायचा, त्याची मऊ गादी झाली की मग मोठे धोंडे. घरात पोत्यात नारळ भरताना तळाशी पेंढा घालणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

चंद्रपूरकडच्या एका शाखेत असताना कर्जाच्या तपासणीसाठी मी एका खडी क्रशरवर जात असे. मालक हुशार होता, क्रशरचं यंत्र घासूनपुसून लख्ख ठेवायचा आणि मला तेच दाखवायचा. पट्ट्याचा खर्च मात्र त्याच्या हिशेबात दर तिमाहीला नव्यानं यायचा. एकदा मी पट्ट्याच्या बुडाशी जाऊन उभा राहिलो. दगड दीड पुरुष उंचीवरून पट्ट्यावर आदळत होते आणि खाली एक रोलर नुसता गंजून थांबलेला. पट्टा चालू असतानाच एक मावशी वाकून, तोंडाला पदर बांधून, फावड्यानं सांडलवंड ओढत होत्या. पदराचं टोक आणि फिरता रोलर यांत हातभर अंतर होतं. मी तपासणीच्या नोंदवहीत तारण मालाचा साठा लिहिला. आणि त्याच नोंदीत, पट्टा बंद केल्याशिवाय खाली सफाई करू नये आणि रोलर बदलावेत, हेही लिहून मालकाची सही घेतली. पुढच्या खेपेला रोलर बदललेले दिसले. मावशी तरीही फावडं घेऊन होत्याच, पण पट्टा बंद होता.

पट्टा चालू असताना त्याच्या बुडाशी सफाई करणं, हे या धंद्यातल्या जीवघेण्या अपघातांचं जुनं आणि ओळखीचं कारण आहे. म्हणजे आधार चुकला की खर्च फक्त रबराचा होत नाही. आधी भुकटी सांडते, मग ती काढायला माणूस जातो.

ओग्डेनमध्येही धूळ भयंकर होती. ती एडिसनलाही सुटली नाही. वाळवण्याच्या मनोऱ्यात एकदा माल अडकला, तेव्हा तो आणि त्याचा सहकारी वॉल्टर मॅलरी खालच्या झरोक्यातून आत शिरले. वर अडकलेला चुरा एकाएकी सुटला आणि दोघांच्या अंगावर आला. बाहेरच्या माणसांनी त्यांना ओढून काढलं. जगात ज्याच्या दिव्यांचा उजेड पडला होता, तो माणूस त्या दिवशी दगडाच्या पिठात गुदमरून गेला असता. मालक स्वतः बुडाशी जातो याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण ज्यांना तिथं रोजच जावं लागतं त्यांची नावं कुठल्या चरित्रात येत नाहीत.

शेवटी कारखाना नीट चालू लागला. विटा पाडून झाल्या, पेनसिल्व्हेनियातल्या भट्टीत त्या वापरून पाहिल्या, निकाल उत्तम आला. आणि नेमका तेव्हाच बाजार हातचा गेला. मिनेसोटात मेसाबीच्या टेकड्यांत १८९०च्या सुमारास श्रीमंत खनिजाचा प्रचंड साठा सापडला होता. मऊ, जमिनीलगतचा, फावड्यानं उचलावा असा. एडिसननं काम हाती घेतलं तेव्हा खनिजाला टनामागं साडेसहा डॉलर मिळत होते; ते साडेतीनवर आले. दळून, चाळून, निवडून काढलेलं लोखंड त्या भावात विकणं म्हणजे प्रत्येक टनामागं घरचे पैसे देणं. यंत्रात दोष उरला नव्हता, तरी धंदा मेला. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत. प्रकल्प अहवालात सगळं बरोबर असतं, एक भाव सोडून.

एडिसननं दार लावलं. पण कंपनीवर काही लाख डॉलरचं देणं होतं. इथं माझ्यातला बँकवाला मान खाली घालून त्याला नमस्कार करतो. त्यानं मॅलरीला सांगितलं, की त्याचा संबंध असलेल्या कुठल्याही कंपनीनं आजवर देणेकऱ्यांना बुडवलेलं नाही, हीही बुडवणार नाही. स्वतःची त्याला चिंता नव्हती. महिन्याला पंचाहत्तर डॉलरवर तारमास्तरची नोकरी कधीही मिळेल आणि तेवढ्यात आपलं भागेल, असं तो म्हणाला. त्या वेळी त्याचं वय पन्नाशी ओलांडलेलं होतं. फोनोग्राफच्या आणि इतर धंद्यांच्या कमाईतून तीनेक वर्षांत त्यानं ते देणं फेडलं. पुढं मॅलरीनं त्याला दाखवलं, की विकलेले शेअर आज हाती असते तर त्यांचे चाळीस लाखांवर डॉलर झाले असते. एडिसन क्षणभर गप्प राहिला आणि मग, गेले ते गेले, पण खर्च करताना मजा मात्र फार आली, अशा अर्थाचं काहीतरी बोलून हसला. मीनाबाईंना हे वाक्य कसं वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो खरा.

डोंगरावर शिकलेलं त्यानं वाया घालवलं नाही. दगड फोडणं, दळणं, वाहणं हे सगळं ज्ञान घेऊन तो १८९९ साली सिमेंटच्या धंद्यात उतरला. साठ फुटांच्या भट्ट्यांच्या काळात त्यानं दीडशे फुटांची भट्टी लावली. तिथंही भुकटीनं आपला हिशेब चुकता केला. मार्च १९०३मध्ये कोळशाच्या भुकटीचा स्फोट होऊन कामगार मेले. कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि १९२३ साली न्यू यॉर्कमध्ये यांकी स्टेडियम उघडलं, त्याच्या बांधकामात एडिसनचं सिमेंट होतं.

तो तरुण विक्रेता रॉबिन्स? १८९६ साली त्यानं स्वतःची पट्ट्यांची कंपनी काढली. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पट्ट्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९१५ साली अमेरिकन आरमारासाठी संशोधकांचं एक सल्लागार मंडळ नेमलं गेलं. अध्यक्ष एडिसन, आणि सचिव थॉमस रॉबिन्स. ओग्डेनच्या त्या भेटीला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वारला, रॉबिन्स १९५७ साली.

ओग्डेनच्या डोंगरावर आज जंगल आहे. खाणीचे खड्डे आणि पायाचे काही दगड सोडले तर गावाची खूण नाही. ताळेबंदात ती दहा वर्षं लाल शाईनंच लिहावी लागतील, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपल्याकडे कोराडीला किंवा चंद्रपूरला विजेच्या भट्टीत कोळसा जातो तो पट्ट्यावरूनच, आणि तो कोळसा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतो तिथं आजही तोच जुना प्रश्न उभा असतो. तुमच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी अशा कारखान्यात नोकरीला असेल, तर पुढच्या सुट्टीत त्याला यंत्रं केवढी मोठी आहेत हे विचारूच नका. माल पडतो त्या जागी पट्ट्याखाली काय बसवलंय, आणि तिथली भुकटी कोण काढतं, पट्टा थांबवून काढतं की चालू ठेवून, एवढंच विचारा.